मोठा वळसा

गोथेनबर्ग, ८ एप्रिल १९९६

माल्टे,

हे पत्र त्या कोळंबीच्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकतेय, कारण तुझं शेवटचं कार्ड तिथून आलं होतं. त्याआधीचं सर्कशीतून आलं होतं. तू तिथूनही सटकला असशील तर कुणीतरी पुढे पाठवेल अशी आशा धरते. जिथे असशील तिथून घरी जा. ही विनंती नाही.

पप्पाचं काहीतरी बिघडलंय. इस्टरला दोन दिवस जाऊन आले. सरोवरावरचं बर्फ फुटल्यापासून तो रोज पहाटे बोट काढतो आणि एकटा व्हेनर्नच्या पाण्यावर जातो. एकटा. मागच्या मे महिन्यात याच बोटीवरून त्याचा जन्माचा मित्र एवर्ट पाण्यात पडून मेला आणि सुकाणूवर पप्पा होता. तू तेव्हा स्पेनमध्ये संत्री तोडत होतास, म्हणून तुला दफनाचं काही माहीत नाही. पप्पा चर्चच्या आत आलाच नाही. बाहेर सायकलींपाशी उभा राहिला. तेव्हापासून मी फोन केला की तो हवामान सांगतो आणि ठेवून देतो.

आणि आता तो आवराआवर करतोय. चांगला कोट देऊन टाकलाय. घराच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावून खिळ्यांवर टांगल्यात, ही तळघराची, ही डाग्नीसाठी. मी नर्स आहे, माल्टे. अशी आवराआवर मी वॉर्डात पाहिली आहे. एक दिवस तो सरोवरावर जाईल आणि मुद्दाम परत येणार नाही, ही भीती आहे मला. नुसती शंका नाही, भीती.

तुझं काम सोपं आहे. तो जाईल तेव्हा तू बोटीत असायचंस. मासे धर, नको धरूस, झोप काढ, पण बोटीत असायचंस. मला सुट्टी मेच्या मध्यावर मिळेल, तोवर फक्त हे एक. फोन करू नकोस, फोन स्वयंपाकघरात पप्पाच्या खुर्चीच्या डोक्यावरच आहे. तुझी पत्रं मी तूवाच्या धुरीघराच्या पत्त्यावर टाकेन, ती तुझ्या वर्गातलीच, मासे धुरावताना ठेवून घेईल.

मी येईन म्हणाले म्हणून भरवसा धरू नकोस. तुझ्याबद्दल मला जितका भरवसा आहे, तितकाच माझ्या सुट्टीबद्दल आहे.

डाग्नी

ग्रेसविक, १५ एप्रिल

चिडलेल्या डाग्नीला,

पोचलो! कोंबड्यांच्या ट्रकमधून. ट्रकवाला सबंध रस्ता मला घटस्फोटाची गोष्ट सांगत होता, त्यात त्याची बायको निघून गेली आणि कुत्रा मात्र त्याच्याकडे राहिला. मी म्हटलं, बघ, काहीतरी राहिलं ना, तर त्याने मला फाट्यावरच उतरवलं. तिथून चालत आलो. हां, तर पप्पा.

पप्पा धक्क्यावर होता. मला बघून म्हणाला, "डाग्नीने पाठवलं."

"नाही रे, मासे खावेसे वाटले."

"तुला मासे आवडत नाहीत."

"आता आवडतात."

"पाचला निघतो. उशीर केलास तर थांबणार नाही."

बस, एवढंच. मिठी नाही, कॉफी मात्र दिली. तू म्हणतेस तसा तो मरायला निघालेला मला तरी दिसला नाही. किल्ल्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. माझ्यासाठी शेडची किल्ली आहे, म्हणजे मला कुलूपबंद सायकल मिळणार, आनंद आहे.

तर रोज पाचला जातो. तुला हे ठाऊक आहे, पण मी विसरलो होतो म्हणून लिहितोय, लिहिलं की डोक्यात राहतं. लाकडी फळ्या दोन्ही बाजूंना लांब सोडायच्या, त्या पाणी कापत बोटीपासून दूर पळतात, आणि त्यांच्या दोरांना चिमट्यांनी आपल्या गळाच्या दोऱ्या अडकवायच्या. मागून पाहिलं की बोट पंख पसरून चालणाऱ्या बदकासारखी दिसते. मग माणसाच्या चालीने, तासन्‌तास, काहीही न करता. हे काम मला जमायला हवं होतं, पण नाही जमत. दुसऱ्याच दिवशी पप्पाने मला सुकाणू दिलं आणि मी झटकन वळवलं. आतल्या बाजूची फळी ओढ सुटून मेली, सगळ्या दोऱ्या एकमेकींत गेल्या, एक इंजिनच्या पंख्यात. पप्पा ओरडला, "मोठा वळसा, माल्टे! मोठा! आखूड वळतात का कधी?" सकाळभर गुंता सोडवत बसलो. बोटं बधिर. तो म्हणाला, हे त्याला सात वर्षांचा असताना कळलं होतं आणि मला तेवीस झाली.

मासे आहेत. सध्या छोट्या माशांची झुंड किनाऱ्याला आलीय, ते काकडीसारखे वास मारतात ना, आणि त्यांच्यामागे मोठे सॅमन मासे. काल एक सुंदर सॅमन निघाला, पण त्याच्या शेपटीजवळचा तो छोटा मांसल पर जागेवर होता. म्हणजे रानातला, धरता येत नाही, सोडून द्यावा लागतो; तळ्यात वाढवून सोडलेल्यांचा पर कापलेला असतो, तेवढेच ठेवता येतात. पप्पाने त्याला पाण्यातच धरून ठेवलं, श्वास येईपर्यंत, केवढा वेळ. मी म्हटलं, त्याला कॉफी पण पाज. हसला नाही.

अजून एक गंमत. परत येताना, त्या दोन काळ्या खडकांच्या मधे, तो मासेमारी थांबवतो. बोटीच्या कडेला बांधतो ना तो नारिंगी रबरी फुगा, तो पाण्यात टाकतो आणि पुढे निघून जातो. मग वळून फुग्यापाशी येतो. उचलतो. पुन्हा टाकतो. कधी फळ्या बाहेर असताना, कधी आत घेऊन. तीन-तीन, चार-चार वेळा. विचारलं तर म्हणतो, "सुकाणू तपासतोय." सुकाणू तर ठीक आहे! म्हाताऱ्याला खेळणं सापडलंय, बाकी काय.

तूवाने केस कापलेत. धुराचा वास येतो तिला, पण चांगला वास.

माल्टे

गोथेनबर्ग, १८ एप्रिल

माल्टे,

कोंबड्यांचा ट्रक पत्राच्या सुरुवातीला आणि तो फुगा शेवटी. उलटं व्हायला हवं होतं.

त्या खडकांमध्येच एवर्ट पडला होता. तुला कसं माहीत असेल, तू नव्हतास. रोज तिथे? फुगा टाकताना त्याचा चेहरा कसा असतो? घड्याळ बघतो का? काही बोलतो का? तू गमतीने लिहितोस आणि मी वॉर्डातल्या संडासात बसून तुझं पत्र तीनदा वाचते.

त्याला विचार. पण हळू. तुझ्या पद्धतीने नाही, माणसाच्या पद्धतीने.

आणि लाइफजॅकेट घालतो का, ते लिही.

डाग्नी

ग्रेसविक, २३ एप्रिल

डाग्नी,

जॅकेट घालतो. घड्याळ बघतो. चेहरा जसा आहे तसाच असतो, तुझ्या वॉर्डात तपासायला पाठवू का?

बरं, नीट लिहितो. रविवारी एवर्टची गुन्वोर भेटली. धक्क्यावर चिंध्यांच्या सतरंज्या घासत होती, त्या थंड पाण्यात, कोपरापर्यंत लाल. मला वाटलं नवरा गेल्यावर बाई वाळली असेल, पण नाही, ती होती तशीच आहे.

"काय रे सर्कशीवाल्या, टिकणार का या वेळी?"

"टिकणार."

"वाघ होतास की विदूषक?"

"तिकिटं फाडत होतो."

"तरीच." मग ब्रश थांबवला. "तुझा बाप माझ्याकडे बघत नाही. वर्ष होत आलं. मी समोर आले की त्याला बोटीच्या बुडाशी काहीतरी काम निघतं. गावभर म्हणतात, एवर्ट पिऊन होता, झोकांडी गेली आणि पडला. सिक्स्टनने, तुझ्या बापाने, एकदाही नाही म्हटलं नाही. अरे, बाटली सोडून युगं झाली होती एवर्टला. त्या दिवशी थर्मासमध्ये मी भरलेली कॉफी होती. मला तुझ्या बापाला एकच विचारायचंय. पण तो उभाच राहत नाही."

मी म्हटलं सांगतो. नाही सांगितलं. सतरंजी पिळायला मदत केली, तर अर्धं पाणी माझ्या बुटात.

मग सोमवारी बोटीत पप्पाला विचारलं, हळू, माणसासारखं. "हे फुग्याचं काय चाललंय?"

त्याने एका दोरीचा चिमटा घट्ट केला. मग म्हणाला, "परत यायला किती लागतं ते बघतोय. असं वळलं तर किती, तसं वळलं तर किती."

"कशाला?"

"बघायचं म्हणून." आणि मग अचानक, "तू असतास तर कसा वळला असतास?"

मी म्हटलं, "मी? मी तर आखूडच वळलो असतो. मला दुसरं येतच नाही, तूच ओरडतोस ना."

मला वाटलं हसेल. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग गळाच्या सगळ्या काठ्या आत घेतल्या, मासे चांगले लागत असताना, आणि घरी आलो. रात्रीचं जेवण तसंच ठेवलं. मला वाटतं बंदराच्या मंडळासमोर त्याला सुरक्षिततेबद्दल काही बोलायचं असेल, म्हणून ही तयारी. किंवा वय. चावी कुठे ठेवली ते तो विसरतो हल्ली.

३० तारखेला वाल्बोर्गचा सण, हिवाळा संपल्याचा जाळ आहे. तूवाच्या मावसभावाकडे मोठा करतात, अख्खी जुनी बोट जाळतात म्हणे. जावं का?

माल्टे

गोथेनबर्ग, २६ एप्रिल

माल्टे,

जाऊ नकोस. कुठेही. जाळ ग्रेसविकलाही असतो.

तू त्याला काय बोलून बसलास ते तुला अजूनही कळलेलं नाही, म्हणून सांगते. एवर्ट पडला तेव्हा फळ्या बाहेर होत्या, दोन्हीकडे, सगळ्या दोऱ्या सुटलेल्या. पप्पा सुकाणूवर. आणि तो मोठ्या वळशाने वळला. त्याच्या हाताने दुसरं कधी केलंच नाहीये, माल्टे. साठ वर्षं. दोऱ्या तोडून जागच्या जागी बोट फिरवायची आणि मित्राला गाठायचं, हे तुझ्यासारख्या अडाण्यालाच सुचलं असतं. आणि ते तू त्याच्या तोंडावर, हसत, सांगितलंस. म्हणून तो फुगा. त्याला कळून घ्यायचंय की एवर्ट वाचला असता का.

मी पैज लावून सांगत नाही. पण याशिवाय दुसरं काही मला सुचत नाही.

आता यापुढे काहीही विचारू नकोस. उत्तर मिळालं की तो काय करेल ते मला माहीत आहे. गुन्वोरला त्याच्यापासून लांब ठेव. बोटीची चावी रोज संध्याकाळी तुझ्या खिशात. मी आले की त्याला डॉक्टरकडे नेईन, मग पुढचं बघू.

रागावले नाहीये. म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही. तू काय, तू जसा आहेस तसा आहेस. फक्त तिथून हलू नकोस.

डाग्नी

ग्रेसविक, ३ मे

डाग्नी,

आधी हे वाच: तो जिवंत आहे. स्वयंपाकघरात बटाटे सोलतोय. आता बाकीचं.

तुझं २६चं पत्र मला १ मेला मिळालं, कारण तूवाही माझ्याबरोबर जाळाला आली होती आणि धुरीघर बंद होतं. हो, गेलो. सकाळच्या आधी परत यायचं ठरलं होतं. चावी मी घेतली नव्हती, तू ते लिहिलंस हे मला माहीतच नव्हतं. तूवाच्या मावसभावाची गाडी सुरू होईना, मग ढकलत, मग एका पाद्र्याने सोडलं, त्याच्या मागच्या सीटवर मोठा बाजा होता. हे मी का लिहितोय. घाबरलोय अजून, म्हणून.

धक्क्यावर आलो तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. बोट नव्हती. आणि आमच्या सगळ्या काठ्या धक्क्याच्या खांबाला टेकवून ठेवलेल्या होत्या, एकावर एक, नीट. त्यावर त्याचं लाइफजॅकेट टांगलेलं.

तू इथली आहेस. तुला वेगळं सांगायला नको.

गुन्वोर दारातून पळतच आली, एका पायात बूट. "काठ्या ठेवून गेला रे! मी खिडकीतून बघितलं, मला वाटलं विसरला, हाक मारली. वळून बघितलं नाही." तिने एवर्टच्या छोट्या बोटीची चावी माझ्या हातात कोंबली. वर्षभर कुणी चालवली नव्हती ती. मी चावी उलटी घालत होतो, इंजिन तिनेच चालू करून दिलं.

तो त्या खडकांमध्येच होता. इंजिन बंद. बोटीच्या कडेवर बसलेला, पाय बाहेर सोडून, बूट काढलेले. डाग्नी, त्याने पायमोजे घडी करून बुटात ठेवले होते.

मी काय करायला हवं होतं ते तुला माहीत असेल. मला काहीच माहीत नव्हतं. जवळ गेलो आणि म्हटलं, "पप्पा, भूक लागलीय. काही खायला आहे का?" खरंच लागली होती.

तो म्हणाला, "पिशवीत अंडी आहेत."

मग मी त्याच्या बोटीत गेलो आणि अंडं सोललं आणि खाल्लं, आणि दुसरं त्याला दिलं, आणि त्याने ते हातात धरलं. पाय आत घेतले नाहीत. मग तो बोलला. वर्षभरात बोलला नसेल इतकं.

त्या दिवशी मासा एवर्टच्या काठीला लागला होता. मोठा. तो जाळं घेऊन वाकला, लाट आली, आणि तो गेला. जॅकेट बाकावर होतं, ऊन होतं म्हणून काढलेलं. लगेच वर आला, हसत होता. पाणी बर्फासारखं आणि हा हसतोय. आणि ओरडला, "मोठा वळसा घे रे! दोऱ्यांत गुंता करशील तर बघ, मासा आहे माझ्या काठीला!"

पप्पाही हसला. म्हणाला, "तू पोहत बस, मी तुझा मासा घेतो!" आणि वळवली. मोठी. निवांत. जशी रोज वळवतो. अर्ध्या वळशात मागे बघितलं तर एवर्टचा हात वर होता. मग हात नव्हता. मग त्याने दोऱ्या तोडल्या. पोचला तेव्हा नुसती टोपी.

"आखूड वळलो असतो तर पोचलो असतो," म्हणाला. "रोज बघितलं. प्रत्येक वेळी पोचतो."

मी म्हटलं, "पण तोच म्हणाला ना मोठा घे म्हणून."

"ते मी कुणाला सांगू? मेलेल्या माणसावर ढकलू?"

"आणि तो प्यायला होता असं का म्हणू दिलंस?"

त्याने अंडं बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "धक्क्यावर सगळे जमले होते. कुणीतरी विचारलं, प्यायला होता का. मी हो म्हणून मान हलवली. बोलायचं नव्हतं, म्हणून हलवली. दुसऱ्या दिवशी ते खरं झालं होतं."

पाय निळे पडले होते. मी सांगितलं, पायमोजे घाल. त्याने घातले. मी सांगितलं म्हणून घातले, डाग्नी, लहान मुलासारखे. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

दोन्ही बोटी एकीला एक बांधून आलो. गुन्वोर धक्क्यावरच उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं. मी म्हटलं इंजिन तपासत होतो. तिने काठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आता चावी माझ्या खिशात आहे. रात्री उशीखाली. मी कुठेही जात नाही.

माल्टे

गोथेनबर्ग, ७ मे

माल्टे,

तुझं पत्र वाचून वॉर्डात एकीला चुकीचा डोस देणार होते. नाही दिला. पुढच्या शुक्रवारी निघतेय, सुट्टी मंजूर करवून घेतलीय, कशी ते विचारू नकोस.

अंडं मागितलंस ते बरोबर केलंस. मी भाषण केलं असतं.

एकच सांगते आणि या वेळी ऐक. त्याला गुन्वोरला सांगू देऊ नकोस. मला माहीत आहे तुला काय वाटतं, सांगितलं की माणूस हलका होतो. होतो, कधीकधी. पण ती त्याच्या तोंडावर दार लावेल, आणि तिला हक्क आहे. मग त्याला इथे धरून ठेवणारं काय राहील? तू? मी, वर्षातून दोनदा? मी येईपर्यंत फक्त दिवस ढकल. पत्ते खेळ. त्याला हरव, त्याला राग येऊ दे.

डाग्नी

ग्रेसविक, १२ मे

डाग्नी,

तुझं पत्र वाचलं आणि ऐकायचं ठरवलं होतं. शपथेवर. पत्ते खेळलो, हरवलं, राग आला. पण गुरुवारी वाटाण्याचं सूप होतं. आम्ही जेवत होतो आणि गुन्वोर दार न वाजवता आत आली. तिने काही कोट वगैरे घातला नव्हता, पेटीकोटावर एवर्टचा स्वेटर.

"सिक्स्टन," ती म्हणाली, "काठ्या धक्क्यावर ठेवून तू तिकडे काय करायला गेला होतास?"

मी उठलो, म्हटलं, "पॅनकेक आणू का? तव्यावरच आहेत."

"तू बस," ती म्हणाली.

पप्पाने चमचा खाली ठेवला. आणि सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, पण आणखी सरळ, जसं हवामान सांगतो तसं. मासा, लाट, जॅकेट बाकावर. ती उभीच होती. तो एवर्टच्या ओरडण्यापाशी आला आणि अडला.

"काय ओरडला?"

"ते सोड."

"काय ओरडला, सिक्स्टन."

"मोठा वळसा घे. दोऱ्यांत गुंता करशील तर बघ. मासा आहे माझ्या काठीला."

ती हसली. डाग्नी, असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि परत ऐकायचंही नाही. ओट्याला धरून हसली, मग ओट्याला धरून रडली. "तोच," म्हणाली. "हा तोच आहे. वर्षभर लोक मला कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल सांगतायत."

मला वाटलं, संपलं, आता ती त्याच्या खांद्यावर हात ठेवेल. तिने तसं काही केलं नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "वळसा मी समजू शकते. तू पाण्यात असतास आणि तो सुकाणूवर, तर त्यानेही तेच केलं असतं, मूर्ख दोघे. पण तो पिऊन होता असं तू म्हणू दिलंस. माझ्यासमोर. दुकानात लोक माझ्याकडे कीव करून बघत होते आणि तू म्हणू दिलंस. हे नाही समजत मला. समजून घ्यायचंही नाहीये."

"हो," पप्पा म्हणाला.

"आणि त्या दिवशी तू परत येणार नव्हतास."

त्याने चमचा ताटाच्या कडेला सरळ लावला.

"मी विचारतेय."

"नव्हतो."

सूप गार झालं होतं. मी त्याच्यावरच्या सायीकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे शेवटचं तो काय बोलला ते तू घेऊन जाणार होतास," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर. खाली." मग दारापाशी गेली आणि तिथून म्हणाली, "उद्या धक्क्यावर जाऊन सगळ्यांना सांगायचं, तो काय प्यायला होता ते."

"कॉफी."

"कॉफी. आणि यापुढे पाण्यावर जायचं असेल तर जा. मी अडवणारी कोण. पण आलास की माझं दार वाजवायचं. मी उघडणार नाही. तुझं तोंड मला बघायचं नाहीये. फक्त वाजवायचं."

गेली. पॅनकेक करपले होते. आम्ही ते खाल्ले.

शुक्रवारी गेलो, तो आणि मी, काठ्या घेऊन. फुगा टाकला नाही. दोन ट्राउट निघाले, दोघांचे पर कापलेले, म्हणजे ठेवण्यासारखे. धक्क्यावर माणसं मासे साफ करत होती, तीच सगळी. पप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एवर्ट प्यायला नव्हता. मी वळायला उशीर केला." एकाने सुरी खाली ठेवली. दुसरा म्हणाला, "अरे सिक्स्टन, आता कशाला…" पप्पा म्हणाला, "मी सांगितलं ते ऐकलंत ना?" तर त्यांनी माना हलवल्या. परत नाही विचारलं कुणी. जाताना एकाने आमच्या बादलीला पाय लागू नये म्हणून ती उचलून बाजूला ठेवली, एवढंच. त्यांच्यापैकी दोघे आता आम्हाला नमस्कार करत नाहीत. कळेल तुला, आलीस की.

मग तो तिच्या घराकडे चालत गेला. मी फाटकापाशी थांबलो. त्याने बूट पुसले, जसा काही आत जाणार होता. वाजवलं.

काहीच नाही. आत रेडिओ चालू होता, मच्छीमारांसाठीचं हवामान.

पुन्हा वाजवलं. रेडिओ बंद झाला. इतका वेळ काही झालं नाही की मला वाटलं त्याला ओढून न्यावं. त्याच्या टोपीखाली मानेवर घाम होता, थंडीत.

"ऐकलं," ती आतून म्हणाली.

तो हलला नाही. मग दाराला म्हणाला, "उद्या वारा आहे. जाणं होणार नाही."

आत खुर्ची सरकली. "मग परवा."

माल्टे